जिन्यावरचा उजेड

१

लेझर प्रिंटरचे सहाच्या सहा ड्रम नासले होते.

दुपारी चाचणीच्या खोलीतल्या प्रिंटरमधून सहावा कागद बाहेर आला. साहेबांनी तो उचलला, आधीच्या पाचांवर ठेवला आणि चष्मा काढून पुसायला घेतला. साहेब चष्मा पुसायला लागले की समजायचं, आज कुणाची तरी धडगत नाही.

कागदावर वर दोन ओळींचा मजकूर होता आणि त्याखाली सगळं कोरं असायला हवं होतं. काल संध्याकाळी याच सहा ड्रमांनी छापलेले कागद तसे होतेही, अगदी धुतल्यासारखे. आज मात्र प्रत्येक कागदावर आडवे करडे पट्टे उमटले होते. आणि प्रत्येक पट्ट्यात, डाव्या कडेपासून तीन बोटं आत, एक फिकट कडं. कड्याला एक फिकट दांडा.

"मास्तर," साहेब म्हणाले, "बघा तुमची बारा वर्षं."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या मास्तरांनी कागद हातात घेतला. हा ड्रम त्यांचा. त्यावरचे थर त्यांचे, आणि तो बनवणारी निम्मी माणसंही त्यांनीच शिकवलेली. थराच्या जाडीतला केसाच्या शंभराव्या भागाएवढा फरक ते नुसत्या नजरेने सांगतात, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी कागद जवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"स्वच्छ आहे की," ते म्हणाले. "काय कमी आहे यात?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. म्हातारा हट्टाला पेटला म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"ही चेष्टेची वेळ आहे का?"

"मी कामाची चेष्टा करत नाही," मास्तर म्हणाले आणि उठून घरी निघाले. जाताना त्यांचा हात भिंतीवरून सरकत होता. रागाने थरथरतायत, असंच सगळ्यांना वाटलं.

ते गेल्यावर साहेब चिमणीकडे वळले. चिमणी म्हणजे मास्तरांची मदतनीस. लहानखुरी, भरभर चालणारी, म्हणून हे नाव. ड्रम काळ्या कागदात गुंडाळून ज्या कपाटात ठेवत, त्याच्या किल्ल्या दोनच. एक मास्तरांच्या गळ्यात, दुसरी तिच्याकडे.

"किल्ली दे," साहेब म्हणाले. तिने दिली. साहेबांनी ती कागदावरच्या डागाशेजारी ठेवली. पोलादी कडी आणि तिला लटकलेली किल्ली. कडं आणि दांडा.

चिमणीचा चेहरा पडला.

"दुसरीकडे नोकरीचा अर्ज केलायस, हे मला कळत नाही असं वाटलं? जाता जाता म्हाताऱ्याचं काम उन्हात टाकून गेलीस. पाच वाजता तुझं पत्र तयार असेल, आणि त्यात कारणही लिहिलेलं असेल. मग बघू तुला कोण उभं करतं."

"साहेब," मागून डागबाईचा आवाज आला, "पाच वाजेपर्यंत हे कागद माझ्याकडे राहू द्या."

२

तिला डागबाई म्हणायचे ते प्रेमाने की भीतीने, हे तिने कधी विचारलं नव्हतं. छापलेल्या कागदावरचे डाग वाचणं हे तिचं काम. एप्रनच्या खिशात एक पारदर्शक पट्टी असायची, तिच्यावर तिने स्वतःच्या हाताने केलेल्या खुणा. प्रिंटरमध्ये जे जे फिरतं ते आपला डाग आपल्या घेराइतक्या अंतराने पुन्हा पुन्हा उमटवतं. अंतर मोजलं की गुन्हेगार सापडला. माणसांपेक्षा हे बरं, असं ती म्हणायची. रूळ खोटं बोलत नाहीत.

इथलं अंतर होतं चौऱ्याण्णव मिलिमीटर. म्हणजे ड्रमच. त्यात काही नवल नव्हतं.

ड्रम म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची नळी. तिच्यावर एकावर एक थर, सगळे मिळून केसापेक्षा पातळ. लेझरचा किरण जिथे पडतो तिथली वीज निघून जाते, तिथे काळी भुकटी चिकटते आणि कागदावर उतरते, झाली छपाई. पण कधी कधी नळीतूनच वीज नको तिथे वर झिरपते, आणि कोऱ्या कागदावर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके येतात. ते अडवायला मास्तरांनी सगळ्यांत खाली आणखी एक थर घातला होता. जाड केला तर अक्षर पुसट, पातळ केला तर ठिपके परत हजर. त्या एका थरापायी बारा वर्षं गेली होती.

असला ड्रम पिवळ्या दिव्यात निवांत असतो, पांढरा उजेड मात्र त्याला सोसत नाही. उन्हात धरला की उजेड पडलेला भाग थकतो, आणि कागदावर तिथे करडी झाक येते. सावलीतला भाग शाबूत राहतो. म्हणजे कुणीतरी हे सहा ड्रम उन्हात धरले होते, आणि मधे जी वस्तू आली तिच्या सावलीचं चित्र ड्रमांनी काढून ठेवलं होतं.

चिमणी भांडारात खोक्यावर बसून नाक पुसत होती.

"ताई, सकाळी मी नऊला आले. पावणेदहाला कपाट उघडलं आणि गुंडाळलेले ड्रम तसेच खाली आणले. आईशपथ."

"काही वेगळं दिसलं?"

"काळ्या कागदाची चिकटपट्टी वाकडी होती. सहाही ड्रमांची. वाटलं, काल मीच घाईत लावली असेल. मास्तर तर असली वाकडी पट्टी जन्मात लावणार नाहीत."

"आणि तो नोकरीचा अर्ज?"

"आई एकटी आहे, तिच्या जवळची जागा मिळतेय. मास्तरच म्हणाले, जा. शिफारसपत्रसुद्धा त्यांनीच दिलं. ते तोंडी सांगत गेले आणि मी लिहीत गेले." ती पुन्हा रडायला लागली. "त्यांचं काम मी नासवीन का हो?"

डागबाईला वाटत नव्हतं. पण वाटून काय उपयोग? तिने कागद खिडकीशी नेला आणि कड्याचा आतला भाग निरखला. मग साहेबांनी दाखवली तशीच एक कडी टेबलावरून उचलली, तिच्यातून पलीकडे पाहिलं आणि खाली ठेवली.

कडी मधे पोकळ असते. तिच्यातून जाणारं ऊन बाहेरच्या उन्हाइतकंच. मग कड्याच्या आतली झाक बाहेरच्या झाकेइतकीच करडी यायला हवी. इथे ती कितीतरी जास्त काळी होती, आणि मधोमध तर जळल्यासारखी. त्या कड्याने ऊन नुसतं जाऊ दिलं नव्हतं, ते एका जागी गोळा केलं होतं.

ती किल्ली नव्हतीच. ते भिंग होतं.

३

कारखान्यात भिंग वापरणारा माणूस एकच. लेथवाले काका.

नळ्या तासायचं काम त्यांचं. नळी आरशासारखी गुळगुळीत झाली तर लेझर तिच्यावरून परततो आणि कागदावर लाकडाच्या रेषांसारख्या लहरी येतात; म्हणून ती नेमकी तेवढीच खरखरीत ठेवायची. या "तेवढीच"वरून त्यांचं आणि मास्तरांचं पंचवीस वर्षं कडाक्याचं भांडण चालायचं, आणि जेवायला दोघे एकाच बाकावर बसायचे. गेले सहा महिने मात्र बोलणंच बंद होतं.

"या बाई," काका लेथ बंद करत म्हणाले. "माझ्यावर आळ घ्यायला आलात ना? घ्या."

"तुमचं भिंग बघायला आलेय."

त्यांनी डोळ्यात बसवायचं काळं नळकांडं तिच्या हातावर ठेवलं. घड्याळजींकडे असतं तसलं, भुवईखाली दाबून धरायचं. त्याला दांडा नव्हता. डागबाईने कागद पुढे केला. काकांनी तो उजेडात धरून वरपासून खालपर्यंत पाहिला.

"लहरी नाहीत," ते म्हणाले. "एकसुद्धा नाही. माझी नळी बरोबर होती."

"बरोबर होती, काका."

"मग हे त्यांना कोण सांगणार? सहा महिन्यांपूर्वीपर्यंत नळी उजेडात धरून बघायचे, चार शिव्या द्यायचे, बरं वाटायचं. हल्ली बघतच नाहीत. नुसती बोटं फिरवतात, वरून खाली, खालून वर. नजरेवर भागत नाही म्हणून चाचपून बघतात माझं काम! इतका अविश्वास?" त्यांनी भिंग तिच्या हातून परत घेतलं. "म्हणून बोलणं सोडलं."

बोटांची ती गोष्ट डागबाईच्या मनात अडकली. का, ते तिला अजून नीट कळलं नव्हतं.

"काका, या इमारतीत सकाळी ऊन कुठे येतं?"

"कुठेच नाही. सगळ्या काचांना पिवळी फिल्म आहे. एक जिन्याचं वळण सोडून. गेल्या आठवड्यात तिथली काच तडकली, मीच नवी बसवली. फिल्म अजून आलेली नाही." त्यांनी तिच्याकडे चमकून पाहिलं. "तुम्हीच नाही का तिथे सूचना लावलीत?"

४

सूचना जिथल्या तिथे होती. तिनेच छापलेली आणि तिनेच चिकटवलेली: "नवी काच साधी आहे. इथून ड्रम झाकूनच न्यावेत." साहेबांनी ती वाचून तिला एक व्याकरणाची चूक दाखवली होती. चिमणीने वाचली होती. काकांनी तर ती चिकटवताना कागद धरला होता.

डागबाई वळणावर उभी राहिली आणि तिने स्वतःला तीन प्रश्न विचारले. ज्याला ड्रम नासवायचे आहेत तो ते उन्हात टाकून निघून जाईल. भिंग कशाला धरेल? भिंग धरलं ते कडेपासून तीन बोटांवरच का, आणि सहाही वेळा तिथेच का? आणि ही सूचना वाचूनही इथे ड्रम उघडणारा माणूस कोण?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिला वीस वर्षांपासून पाठ होतं. नळी द्रावणात बुडवून वर काढली की वरच्या कडेचा थर ओघळून पातळ होतो. "तीन बोटं खाली बघायचं, पोरी. थर कच्चा असला तर तिथे कळतो." हे वाक्य तिने याच वळणावर, याच खिडकीच्या पिवळ्या उजेडात ऐकलं होतं. इमारतीतला सगळ्यांत लख्ख सुरक्षित उजेड इथला. नवीन ड्रम झाला की तो इथे आणून बघायचा, ही मास्तरांची जुनी रीत.

कुणी ड्रम नासवले नव्हते. कुणीतरी ते तपासले होते.

ती एप्रनसकट मास्तरांच्या घराकडे निघाली. घर मागच्याच गल्लीत, दहा मिनिटांवर. वाटेत तिने तीनदा स्वतःला सांगितलं की आपलं चुकत असेल.

काकूंनी दार उघडलं. "ते नाहीत गं. आले, पाणी प्याले, तेवढ्यात चिमणीचा फोन आला आणि पुन्हा तिकडेच गेले. म्हणाले, पोरीवर आळ आलाय, खरा दोष शोधला पाहिजे." काकूंच्या हातात वर्तमानपत्र होतं. "बस. सकाळचं अर्धं वाचायचं राहिलंय. हल्ली मीच वाचून दाखवते, त्यांना ऐकायला आवडतं."

"काकू," डागबाई म्हणाली, "तुमच्याकडे दांड्याचं भिंग आहे का?"

"सुईत दोरा ओवायला होतं एक. दोन दिवस झाले, सापडत नाही."

डागबाईची नजर वर्तमानपत्रावर गेली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"तुला कळलं वाटतं," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगू नको म्हणाले होते. घरी बसवतील म्हणून. मोतीबिंदू काढता येईल म्हणतात डॉक्टर, पण काढून दिसणार काय? मागचा पडदाच विरत चाललाय. एवढा ड्रम पार पडू दे, मग सांगू, असं रोज म्हणायचे." त्यांनी पदराने डोळे टिपले. "परवा माझ्यावर चिडले. घरात सगळे पिवळे दिवे का लावलेस, म्हणून. दिवे पांढरेच आहेत गं."

डागबाई ताडकन उठली.

५

मास्तर जिन्याच्या वळणावर उभे होते.

खिडकीतून चार वाजताचा स्वच्छ पांढरा उजेड येत होता. त्यांनी कपाटात परत ठेवलेल्या सहांतला एक ड्रम आणला होता, काळा कागद नीट घडी करून पायरीवर ठेवला होता. ड्रमचं एक टोक एका हाताने हलकेच धरून, दुसरं छातीला टेकवून, ते दुसऱ्या हाताने काकूंचं भिंग कडेपासून तीन बोटांवर धरत होते. त्यांच्या खांद्यामागे, हातभर अंतरावर, डागबाईने लावलेली सूचना होती.

"कोण?"

"मी, मास्तर."

"ये पोरी, ये. तुझे डोळे लाव जरा. ते म्हणतात डाग आहे, आणि मला तर थर एकसारखा वाटतोय. निदान इथे बघितलं तर ड्रमला धोका नाही." ते हसले. "बाहेर काय, हल्ली मला सगळीकडे तसलाच पिवळा दिसतो. पण हा आपला."

वीस वर्षं या माणसाने तिला एकच गोष्ट शिकवली होती: दिसलं ते सांगायचं. तेच आज त्याला सांगायचं होतं.

"मास्तर," ती म्हणाली, "हा उजेड पांढरा आहे."

ते हसायला गेले आणि थांबले.

"गेल्या आठवड्यात काच बदलली. फिल्म लावायची राहिलीय. तुमच्या मागे सूचना आहे." तिने त्यांचा हात धरून त्या कागदावर टेकवला. त्यांची बोटं कागदावर फिरली, वरून खाली, खालून वर. छापलेलं अक्षर बोटांना लागत नाही.

"सकाळी मी साडेआठला आलो होतो," मास्तर सावकाश म्हणाले. "सहाही ड्रम बघितले. चाचणीआधी एकदा बघावेत म्हणून." मग त्यांना दुसरी गोष्ट उमगली. "आणि तो कागद? साहेबांनी दिलेला? त्याच्यावर होतं काही?"

"हो."

"किती?"

"सगळ्यांना दिसण्याइतकं."

ते पायरीवर बसले. ड्रम त्यांनी मांडीवर घेतला आणि चाचपडत काळा कागद शोधायला लागले. नासलेला ड्रम झाकून काय होणार होतं? पण डागबाईने कागद त्यांच्या हाताशी सरकवला आणि त्यांनी तो गुंडाळला, पट्टी वाकडी लागली. तिला रडू आवरेना, आणि आवाज होऊ नये म्हणून तिने एप्रन तोंडात धरला.

"डॉक्टर सांगत होते, डोळ्यातसुद्धा मागे एक थर असतो," मास्तर म्हणाले. "आपल्यासारखंच. तो गेला की चित्र गेलं." मग त्यांनी विचारलं, "चिमणीला काढणार आहेत?"

"पाचला."

"आता किती वाजले?"

"साडेचार."

"मग बसलो काय? चल, हात दे."

६

साहेबांच्या टेबलावर पत्र तयार होतं. चिमणी भिंतीशी उभी होती आणि तिच्या शेजारी, कुणी न बोलावता, लेथवाले काका.

"ड्रम मी नासवले," मास्तर दारातूनच म्हणाले. "पोरीचा काही संबंध नाही. माझे डोळे गेलेत."

साहेबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. डागबाईने कड्याचा, उन्हाचा आणि सूचनेचा हिशोब चार वाक्यांत सांगितला. मग साहेबांनी पत्र फाडलं, उठून स्वतःची खुर्ची ओढून आणली आणि मास्तरांना बसवलं. माणूस वाईट नव्हता. नुसता घाईचा होता.

"बोटं फिरवत होतात ते म्हणून होय?" काका एकदम म्हणाले. "अरे, मग सांगायचं नाही का? सहा महिने मी एकट्याने डबा खाल्ला!"

"नळ्या चांगल्या होत्या रे," मास्तर म्हणाले. "बोटांना कळत होतं."

काका तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले.

मास्तरांनी गळ्यातली किल्ली काढून पुढे धरली. डागबाई ज्या बाजूला उभी होती त्या बाजूला नाही, जराशी पलीकडे. ती दोन पावलं सरकली आणि जिथे त्यांचा हात होता तिथे जाऊन उभी राहिली.

"सहा ड्रम पुन्हा करायला महिना लागेल," ती किल्ली घेत म्हणाली. "कृती तर सगळी लिहिलेली आहे. करू."

"ते ठीक आहे. मला एक सांग, पोरी. करडं सोडून दे, ते माझं पाप. त्याच्याखाली ठिपके होते का?"

तिने आजचे सहाही कागद पट्टी लावून पाहिले होते. "नव्हते. करड्यातसुद्धा एक काळा ठिपका नाही. तुमचा थर टिकला."

"काल संध्याकाळचा कागद आहे का कुणाकडे? चांगला?"

चिमणीने धावत जाऊन आणून दिला. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी धरला, खिडकीकडे वळले आणि डोळ्यांजवळ नेला. मजकुराच्या दोन ओळी पलीकडच्या बाजूला होत्या. त्यांच्यासमोर होती ती कोरी पाठ, ड्रमने कधी न शिवलेली. ते दिसलं चौघांनाही. काकांनी तोंड उघडलं आणि चिमणीने त्यांची बाही ओढली.

"किती स्वच्छ आहे गं," मास्तर म्हणाले. "एक ठिपका नाही."

वीस वर्षांत डागबाईने कागदातली खोट सांगितल्याशिवाय तो कधी कुणाच्या हातून परत घेतला नव्हता.

"एकही नाही, मास्तर," ती म्हणाली. आणि ते दोन्ही बाजूंना खरं होतं.